ओठांतली मुलं

आदरणीय आत्यास,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (तुझा गुडघा दुखतोय हे लक्षात आहे, म्हणून डोकं जरा अलगदच ठेवलं आहे.) नव्या डॉक्टरांनी दिलेला गुडघ्याचा पट्टा तू खरंच बांधतेस, की कपाटात ठेवून शेजारणीला दाखवतेस? काकांच्या कवळीचं काय झालं? पाहुणे आले की ते ती घालतात आणि पाहुण्यांची पाठ वळली की पाण्यात टाकतात, आणि मग आपल्याला पेल्यातल्या दातांकडे बघत जेवावं लागतं, ही तुझी तक्रार अजून तशीच आहे की काकांनी काही मनावर घेतलं? इकडे सगळं ठीक. तुझी भाचेसून बरी आहे, तिची आई बरी आहे, आमच्या मागच्या भिंतीतली ओलसुद्धा चांगली आहे, म्हणजे अंगानं भरते आहे. घरमालक म्हणतात ती पूर्वीपासूनच होती, आम्ही नंतर आलो.

परवा फोनवर तू विचारलंस की गणिताच्या मास्तराला संगीताचा तास कुणी आणि काय म्हणून दिला. मी म्हणालो, सांगेन कधीतरी. त्यावर तू म्हणालीस, तुझं कधीतरी म्हणजे कधीच नाही, आणि फोन ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. चहा बाजूला घेऊन बस, कारण लांबण लागणार आहे.

त्याचं असं आहे आत्या, सरकारी शाळेत संगीताचा शिक्षक नसतो, संगीताचा तास असतो. शुक्रवारचा शेवटचा. वर्षाच्या सुरुवातीला वेळापत्रक लावायला सगळे शिक्षक बसतात आणि तो तास कुणाच्या तरी गळ्यात घालतात. त्या वेळी सगळ्यांना एकदम आपापल्या चपलांचे पट्टे नीट करायचे असतात, खिशातलं पेन सापडत नसतं, भूगोलाच्या बाईंना तर खोकल्याची उबळ येते. आणि शेवटी जो हजर नसेल त्याच्या नावावर तास पडतो. यंदा माझ्या सायकलचं चाक पंक्चर झालं. मी पोचलो तेव्हा फळ्यावर माझ्या नावापुढे संगीत लिहिलेलं होतं आणि सगळे सहकारी इतक्या प्रेमानं माझ्याकडे बघत होते की मला वाटलं, घरी काही वाईट झालं की काय.

आता या तासाला आजवर काय होत आलं आहे तेही ऐक. पुस्तकं वाटायची असली की संगीताचा तास. मुलांना लस टोचायची असली की संगीताचा तास. नखं तपासणं, वर्ग झाडून घेणं, मागे पडलेला अभ्यासक्रम पुरा करणं, सगळं त्यातच. परीक्षा मात्र अगदी काटेकोर होते, आणि ती लेखी असते. स्वर किती, ताल म्हणजे काय, दोन वाद्यांची नावं लिहा. मुलं घडाघडा लिहितात. आमच्याकडे संगीतात नापास कुणी होत नाही आणि गात कुणी नाही. पोहण्याची परीक्षा कोरड्या जमिनीवर घ्यावी तसा हा प्रकार, पण निकाल चांगला लागतो म्हणून कुणाची हरकत नसते.

शाळेला एक बाजाची पेटीही आहे. ती कुठे असावी? कारकुनांच्या खोलीत, आणि तिच्यावर त्यांच्या चहाचा थर्मास. मी ती मागितली तेव्हा कारकून खरोखरच गहिवरले. म्हणाले, सर, थर्मास कुठे ठेवू? मी म्हटलं, टेबलावर. ते म्हणाले, टेबलावर कागद असतात. शेवटी मी घरून एक स्टूल आणून दिलं (हो, तेच, तू आम्हाला बिऱ्हाड मांडताना दिलेलं, रागावू नकोस) आणि पेटी सोडवून आणली. तिची एक पट्टी दाबली की तीन वाजतात आणि एक पट्टी न दाबताच वाजत राहते. मला वाजवता येत नाही त्यामुळे आमचं दोघांचं बरं जमलं.

आणि मग आले तपासणीस साहेब.

साहेब येणार म्हटल्यावर स्वागतगीत आलंच. मोठ्या बाई (म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, उंचीनं माझ्या खांद्याला लागतात पण शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणतात) मला म्हणाल्या, सर, काही विशेष करू नका, नेहमीसारखं होऊ द्या. आता नेहमी काय होतं ते मला काय माहीत? मी आपला त्या वेळी मागे हजेरीचे आकडे जुळवत बसलेला असायचो. मी मुलांना विचारलं, गाणं येतं ना? सगळी म्हणाली, येतं. मी म्हटलं, मग झालं तर. गणिताचा माणूस मी, मी त्यांना उंचीप्रमाणे उभं केलं. बुटकी पुढे, माईकपाशी, आणि उंच मागे. रांगा अशा सरळ आल्या की मलाच माझं कौतुक वाटलं.

साहेब समोर बसले. त्यांच्यापुढे पाण्याचा पेला, पेल्यावर झाकण, झाकणावर फूल. मी पेटीचा भाता हलवला, ती न दाबता वाजणारी पट्टी वाजायला लागली, आणि मी मान डोलावून इशारा केला. आत्या, काय सांगू तुला. सगळी मुलं गायला लागली. तोंडं उघडत होती, मिटत होती, अगदी एकसाथ. चेहऱ्यावर हसू, भुवया वर, हात योग्य शब्दाला छातीवर. आवाज मात्र नाही. पेटीची ती एक पट्टी तेवढी भुणभुणत होती. मला आधी वाटलं, माझ्याच कानात काही गेलं. साहेबांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी करंगळी कानात घालून जोरात हलवली. मग दुसऱ्या कानात. मोठ्या बाई उठल्या आणि माईकवर टिचकी मारून बघितली. मग शाळेचं वायरिंग बदलत असलेल्या वायरमनला हाक गेली. तो बिचारा शिडीवरून उतरून आला आणि माईकमध्ये हॅलो हॅलो म्हणाला तर व्हरांड्यातली कबुतरं उडाली. माईक ठणठणीत होता. मोठ्या बाई मला म्हणाल्या, पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा सुरुवातीपासून तसंच. दुसरं कडवं, तिसरं कडवं, शेवटी वाकून नमस्कार. मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या, पण माणूस अनोळखी घरातून चुकून दुसऱ्याच्या चपला घालून निघाला की जसा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता.

मग उलगडा झाला. आमच्या शाळेची जुनी पद्धत अशी की ज्यांचा आवाज चांगला ती चार-पाच मुलं माईकपाशी, आणि बाकीच्यांनी मागे नुसते ओठ हलवायचे. पहिलीत येतानाच बाई एकेकाकडून आवाज काढून घेतात आणि सांगून टाकतात, तू आवाजात, तू ओठांत. एकदा सांगितलं की ते कायमचं. माईकपाशी जागा भरलेली म्हणून नंतर आलेल्या सगळ्यांना ओठांतच घातलं होतं, आणि यंदा ती आवाजातली सगळी मुलं पास होऊन मोठ्या शाळेत गेली. ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण वर्षानुवर्षं तीच गात होती आणि ती कधीतरी मोठी होतील असं कुणाला वाटलं नव्हतं. आता शाळेत उरली ती सगळी ओठांतली. त्यांनी आपलं काम चोख केलं. चूक असेल तर ती माझी, आणि मला तर कुणी सांगितलंच नव्हतं.

साहेबांनी जाताना शेरा लिहिला. संगीताच्या तासाचा उपयोग होताना दिसत नाही, महिनाअखेर पुन्हा भेट देऊन सुधारणा न आढळल्यास सदर तास गणितास द्यावा. मोठ्या बाई तो कागद हातात नाचवत माझ्याकडे आल्या. त्यांना वाटलं, मला आनंद होईल. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. विज्ञानाचे मास्तर म्हणाले, नशीब काढलंत, न मागता आणखी एक तास. आणि खरंच, गणिताला तास कमीच पडतो, अपूर्णांकांत मुलं दरवर्षी बुडतात, मीच दर बैठकीला त्यावरून आरडाओरडा करत असतो. पण आत्या, त्या वेळी माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी म्हणालो, नको. मोठ्या बाईंना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. मी परत म्हणालो, नको, हा तास संगीताचाच राहील आणि ही मुलं महिनाअखेर गातील. हे कसं करायचं त्याची मात्र मला काडीची कल्पना नव्हती.

नको म्हणण्याआधी एक गोष्ट झाली होती, ती सांगायची राहिली. साहेबांची गाडी गेल्यावर मी वर्गात जाऊन माईकपाशी उभ्या केलेल्या एका मुलीला विचारलं, काय गं, गायली का नाहीस? ती चौकातल्या शिंप्याची मुलगी, वर्गात सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात टापटीप. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की हा माणूस काय विचारतोय. म्हणाली, "सर, मी ओठांत आहे." आपण रक्तगट सांगतो ना, तशी. मी म्हटलं, पण कुणी ठरवलं? ती म्हणाली, पहिलीपासून आहे. मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, माझा ओठांचा पहिला नंबर येतो सर. ती मुलगी हसत होती, तिला काही दुःख नव्हतं, आणि त्याचाच मला त्रास झाला.

तर मी चंग बांधला. आधी रीतसर वरच्या कार्यालयाला लिहिलं की आम्हाला एक संगीत शिक्षक द्या. उत्तर लगेच आलं (यावरूनच मी काय ते ओळखायला हवं होतं). शिक्षकाचं पद मंजूर नाही, तथापि संगीत शिक्षण अधिक प्रभावीपणे राबवावे. त्यासोबत मला एका प्रशिक्षणाला बोलावलं. मोठं सभागृह, आम्ही सगळे भाषेचे, गणिताचे, कवायतीचे शिक्षक, आणि पडद्यावर एक चित्रफीत, आनंददायी संगीत शिक्षण या नावाची. स्पीकरची वायर आणायला विसरले होते, त्यामुळे चित्रफीत मुकी. पडद्यावर मुलं तोंडं उघडत होती आणि मिटत होती. मी शेजारच्याला म्हटलं, हे आमच्याकडे आधीच सुरू आहे. नंतर आमचे गट पाडले आणि संगीताचे फायदे या विषयावर रंगीत कागदावर तक्ते करून घेतले. आमच्या गटाचा तक्ता पहिला आला, कारण मी पट्टीनं चौकटी आखल्या होत्या.

तिकडून आल्यावर मी शुक्रवारी वर्गात जाहीर केलं की आजपासून ओठ बंद, सगळे आवाजात. मला वाटलं मुलं उड्या मारतील. दोघी रडायला लागल्या. एकाला पोटात दुखायला लागलं. आणि दुसऱ्या दिवशी शिंपी स्वतः शाळेत आले, गळ्यातली मापाची टेप तशीच. अत्यंत सभ्य माणूस. म्हणाले, सर, पोरीचं काही चुकलं का? इतकी वर्षं ओठांत आहे, एक तक्रार नाही, आणि आता अचानक तिला आवाजात का टाकता? मी त्यांना समजावून सांगायला गेलो तर म्हणाले, सर, मी याच शाळेचा, मीही ओठांतच होतो, माझी बहीण ओठांत होती, आमचं काही अडलं नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्ही मशीन चालवताना काही गुणगुणत नाही का? त्यांनी दरवाज्याकडे बघितलं, मग आवाज बारीक करून म्हणाले, मशीन जोरात चालत असेल तर, कुणाला ऐकू जात नाही. आणि घाईघाईनं निघून गेले.

मग मी म्हटलं, आपण चुकतोय, मुलांनी खरं गाणं कधी ऐकलेलंच नाही. तुझ्या भाचेसुनेच्या मावशीच्या शेजारी एक गवई राहतात, नावाजलेले. त्यांच्या हातापाया पडून त्यांना वर्गात आणलं. गळ्यात मफलर, बरोबर स्वतःची पेटी (आमच्या पेटीकडे त्यांनी एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही). ते गायला बसले, डोळे मिटले, आणि शाळा सुटल्याची घंटा झाली तरी उघडले नाहीत. गाणं सुंदर होतं आत्या, खोटं कशाला बोलू, मला काही कळत नाही तरी माझ्या अंगावर काटा आला. मुलं पुतळ्यासारखी बसून होती. मला वाटलं, जिंकलं. शेवटी एका मुलानं धीर करून त्यांच्यामागे एक सूर लावायचा प्रयत्न केला, पार घसरला. गवई फार मायेनं म्हणाले, बाळ, आधी दहा वर्षं ऐकायला शीक. आणि गेले. त्यानंतर शिंप्याची मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, सर, आवाजातली माणसं अशी असतात, आम्ही ओठांतच बऱ्या. जे काही थोडं सैल झालं होतं तेही त्या दिवशी घट्ट बसलं. गवयांचा काही दोष नाही, दोष माझा. उपाशी माणसाला मी दुकानाच्या काचेतून मिठाई दाखवली.

पण मी हटलो नाही. (तुझी भाचेसून याला दुसरा शब्द वापरते.) दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताच्या तासाला मुलं पाढे म्हणत होती आणि मी खडू शोधत होतो. शोधता शोधता थांबलो. आत्या, पाढे कसे म्हणतात ते आठव. चाल असते, ताल असतो, सगळी एका सुरात असतात आणि शेवटच्या आकड्याला मस्त हेल काढतात. खिडकीची तावदानं थरथरत होती. ज्यांना आवाज नाही असं कागदोपत्री ठरलंय ती पोरं छत उडवत होती, आणि शिंप्याची मुलगी सगळ्यांच्या वर. कारण काय, तर ते गाणं नाही, तो पाढा आहे, आणि पाढ्यात कुणी ओठांत नसतं. मला इतका आनंद झाला की मी सापडलेला खडू पुन्हा हरवला.

आता डोकं चालवलं. म्हटलं, पाढ्याच्या शेपटीला हळूच गाणं बांधायचं, त्यांना कळूच द्यायचं नाही. शुक्रवारी फळ्यावर लिहिलं: बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, भिंतीवर कावळा बसला पहा. मुलांनी सुरुवात केली. बे एके बे, दणक्यात. बे दुणे चार, शेजारच्या वर्गातले मास्तर दारात आले. बे त्रिक सहा, वायरमन शिडीवरून डोकावला. आणि भिंतीवर म्हटल्याबरोबर एकदम सामसूम. सगळ्यांचे ओठ मात्र व्यवस्थित हलत होते, कावळ्याला हातही वर केले होते. मी पुन्हा म्हणून घेतलं, पुन्हा तेच. सहापर्यंत आवाज, कावळ्यापासून ओठ. शिंप्याची मुलगी म्हणाली, सर, हा पाढा नाही, हे गाणं आहे. जणू मी तिला फसवून रस्त्यावर चप्पल न घालता चालवलं.

तेव्हा आत्या, मला जे कळलं ते असं. गळा सगळ्यांना आहे, सूरही आहे, नुसती लाज आहे. चुकलं तर काय होईल याची लाज. त्यांनी आजवर दोनच प्रकारची माणसं बघितली, उत्तम गाणारी आणि गप्प बसणारी. वाईट गाणारा माणूस त्यांनी बघितलेलाच नाही. जो सगळ्यांसमोर तोंड उघडून बेसूर गातो, त्याला लोक हसतात, तोही हसतो आणि पुढचं कडवं गातो, असा माणूस असू शकतो हेच त्यांना ठाऊक नाही. सरकारी शाळांत संगीत सुधारायचं म्हणून वरती समित्या बसतात, पेट्या वाटतात, तक्ते लावतात. हे सगळं व्हायला हवं, शिक्षक तर हवाच हवा, आणि त्यासाठी मी दर आठवड्याला वरच्या कार्यालयाला एक पत्र टाकतो, आता तिथला टपालवाला मला ओळखतो. पण आधी पहिलीच्या दारात मुलाला तू ओठांत म्हणून सांगणं बंद केलं पाहिजे. मोठ्या बाईंशी मी यावरून भांडलो. त्या म्हणाल्या, सर, मग साहेबांसमोर कसं दिसेल? मी म्हटलं, दिसायचं काय, ऐकायचं आहे. त्या रागावल्या, पण पुढच्या वर्षीपासून पहिलीतल्या मुलांचा आवाज तपासायचा नाही एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. तोंडी. लेखी मागितलं तेव्हा त्यांना खोकल्याची उबळ आली.

तर असं चाललं आहे. साहेब महिनाअखेर येणार हे नक्की. शिक्षकांच्या खोलीत पैजा लागल्या आहेत आणि माझ्या बाजूनं फक्त वायरमन आहे. तास गेला तर तो मलाच मिळणार, म्हणजे हरलो तरी माझाच फायदा, असं सगळे मला समजावतात. मी त्यांना सांगतो की असला फायदा मला नको. अपूर्णांक मी शाळा भरायच्या आधी शिकवीन, मधल्या सुट्टीत शिकवीन, पण शुक्रवारचा तास सोडणार नाही.

बाकी विशेष काही नाही. तुझ्याकडे काही काम काढून लिहिलेलं नाही, तू विचारलंस म्हणून सहज लिहिलं. काकांना नमस्कार, त्यांच्या दातांना वेगळा. गुडघ्याला जप, जिने चढू नकोस, पट्टा बांध.

तुझा हट्टी भाचा

ता.क. तू बऱ्याच दिवसांत आमच्याकडे आली नाहीस. तुझी भाचेसून रोज आठवण काढते. या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आलीस तर बरं होईल. शाळा तळमजल्यावर आहे, जिना नाही. शाळेचा विषय का काढला असं तुला वाटेल, तर तो असाच निघाला.

आणखी एक ता.क. बरं, खरं सांगतो, कारण तू ओळखलंच असशील. आपल्या सगळ्या घराण्यात मोकळेपणानं गाणारी तू एकटी. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, नातेवाइकांच्या भरल्या बैठकीत, कुणी आग्रह केला तर आणि केला नाही तर आवर्जून. तू गायला लागलीस की समोरच्या घरातली खिडकी लागते, काका भाजी आणायला बाहेर पडतात (भाजी घरात असली तरी), आणि तू त्या बंद खिडकीकडे बघून आणखी वरचा सूर धरतेस. तो सूर आजवर कुठल्याही पेटीत सापडलेला नाही. आत्या, रागावू नकोस, पण मी आयुष्यात इतकं वाईट आणि इतकं आनंदानं गाणारं दुसरं माणूस पाहिलं नाही. माझ्या वर्गाला तूच हवी आहेस. येताना कृपा करून रियाज करू नकोस.

आणि हे शेवटचं. मोठ्या बाईंना मी सांगून ठेवलं आहे की आमच्या घराण्यातल्या एक गायिका येणार आहेत. त्यांनी हाराची व्यवस्था केली आहे. तेव्हा आता नाही म्हणू नकोस.

हे पत्र बंद करून पुन्हा उघडलं. तू आली नाहीस तर वाईट गाणारं माणूस म्हणून मलाच उभं राहावं लागेल, हे उघड आहे. आज शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात दार लावून मी प्रयत्न करून बघितला. फळ्याकडे तोंड केलं, कावळ्याची ओळ आठवली, श्वास घेतला, आणि आत्या, नुसते ओठ हललेले कळले. रिकामा वर्ग, ऐकायला कुणी नाही, तरी आवाज बाहेर येईना. आमच्या वेळी त्याला असं नाव नव्हतं, पण मीही पहिलीपासून ओठांतच आहे. घरात कुणाला कधी सांगितलं नाही, तुम्हा सगळ्यांना वाटायचं मला गाण्याची आवड नाही. मला फार आवड आहे. तू एक दिवस आधी ये. मुलांचं नंतर बघू, आधी मला गायला लाव.